अध्यक्षांचे निर्णायक मत

शनिवारी सकाळी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला फिटर दशरथ दवाखान्यात आला, तो डोळे पिवळे घेऊनच. डॉ. आयडा मिस्किटा घाबरल्या. कावीळ त्यांना नवी नव्हती. गावठाणातल्या विहिरींच्या कृपेने ती दर उन्हाळ्यात येतच असे. भीतीचे कारण निराळे होते. आदल्याच आठवड्यात, डोळे अजून पांढरे असताना, दशरथने त्यांच्याकडून ताकदीचे इंजेक्शन घेतले होते, आणि त्याच सिरिंजमध्ये उरलेले औषध रांगेत त्याच्यामागे असलेल्या सुगंधाला दिले गेले होते. सुगंधा गरोदर होती.

सुई अर्थातच बदलली होती. देशभर तसेच चाले. साल १९७४, रॉकेल मिळता मिळत नव्हते, आणि प्रत्येक रोग्यामागे काचेची सिरिंज उकळत बसणे कोणालाच परवडत नव्हते. म्हणून सिरिंज सकाळी एकदा उकळायची, तिच्यात चार-पाच जणांचे औषध भरून घ्यायचे आणि माणसागणिक सुई तेवढी बदलायची. फॅमिली डॉक्टरांच्या अखिल भारतीय महासंघाने ही पद्धत निर्धोक असल्याचे सर्व शाखांना कळवले होते. त्या महासंघाच्या अध्यक्षपदी आयडाबाई नुकत्याच निवडून आल्या होत्या.

दुपारी दवाखाना बंद करून त्यांनी सिरिंजमध्ये स्वच्छ पाणी भरले. सुई लावली, थोडे पाणी सोडले, आणि सुईचे टोक रक्ताऐवजी लाल शाईत बुडवून बाहेर काढले. मग सुई फिरवून उपसली. उपसताना बसणाऱ्या ओढीने सुईतले द्रव मागे सरकले आणि सिरिंजच्या तोंडाशी एक लालसर धागा तरंगू लागला. त्यांनी प्रयोग पुन्हा केला; धागा पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच झाले.

"उद्या महासंघाच्या मीटिंगमध्ये हे सांगणार तू?" नवऱ्याने, अर्बनने, विचारले. "आपल्याच दवाखान्यात झालं म्हणून?"

"दुसऱ्याच्या दवाखान्यातलं मला काय माहीत?"

"मग वाट लागली म्हणून समज. मरोळमध्ये कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही आपल्याकडे."

आयडाबाई रात्रभर जाग्या राहिल्या.

रविवारी घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात महासंघाची सात जणांची कार्यकारिणी जमली. नागपूरच्या डॉ. माणिकराव घाटे यांनी ठराव मांडला: दर रोग्याला स्वतंत्र उकळलेली सिरिंज, ते जमत नसेल तर इंजेक्शन देऊ नये. आयडाबाईंनीच आदल्या रात्री त्यांच्या मुंबईतल्या मुक्कामी फोन करून त्यांना तो मांडायला लावले होते, कारण महासंघाच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला ठराव मांडता येत नसे, त्यावर बोलता येत नसे, आणि मते समसमान पडली तरच मत देता येई. बोलायचेच असेल तर खुर्ची उपाध्यक्षाकडे सोपवायची. मग निर्णायक मतही त्याचेच.

उपाध्यक्ष डॉ. भीमराज पाताडे घाटकोपरचेच. मालवणकडचे, आयडाबाईंचे कॉलेजातले सोबती, आणि ठरावाचे कट्टर विरोधक.

"रोग्याला सुई लागते," भीमराज म्हणाले. "गोळी दिली तर म्हणतात, डॉक्टरला काय येत नाय. सुई बंद केली तर लोक उद्या पलीकडच्या भोंदूकडे जातील, आणि तो तर काहीच उकळत नाही. पुरावा काय आहे, माणिकराव?"

माणिकरावांकडे पुरावा नव्हता. आयडाबाईंनी समोरचे चेहरे न्याहाळले. अनुकूल असा एकच दिसला, कानपूरच्या डॉक्टरांचा. म्हणजे मते समसमान होणार नाहीत, आणि खुर्चीत बसून राखलेले आपले मत कधी वापरताच येणार नाही.

"भीमराज, खुर्ची घे," त्या म्हणाल्या.

"काय गो, ताप आलाय काय?"

"मला बोलायचंय."

त्या बोलल्या. दशरथ, सुगंधा, त्यांचा क्रम, सगळे सांगितले. मग पर्समधून सिरिंज काढून, वर्गातल्या दौतीतली लाल शाई घेऊन प्रयोग करून दाखवला. लाल धागा पुन्हा दिसला. मद्रासचे वृद्ध सभासद चष्मा काढून सिरिंजवर इतके वाकले की त्यांचे नाक काचेला टेकले.

"ही शाई आहे, बाई. कावीळ नव्हे," शेवटी एक जण म्हणाला.

"खरं आहे."

"आणि तो फिटर पाण्यानेही आजारी पडला असेल."

"असेल. मी नाही म्हणू शकत नाही."

हे बोलताना आपण स्वतःच आपली बाजू पोकळ करत आहोत हे त्यांना कळत होते. पण जे माहीत नव्हते ते माहीत आहे असे सांगणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

भीमराजांनी मतदान घेतले. माणिकराव, कानपूरकर आणि आयडाबाई बाजूने. तिघे विरोधात, त्यांत मद्रासचे म्हातारेही. त्यांनी हात वर केला खरा, पण लगेच खाली घेतला.

"तीन विरुद्ध तीन," भीमराज म्हणाले.

अशा वेळी खुर्चीतल्या माणसाने आहे तेच चालू ठेवण्याच्या बाजूने मत द्यायचे, हा सभांचा जुना संकेत. तो आयडाबाईंना ठाऊक होता आणि भीमराजांना तर पाठच होता.

"ती बाई कशी आहे आज?" भीमराजांनी विचारले.

"बरी आहे. सकाळीच जाऊन पाहिली. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशी कावीळ दिसायला कित्येक महिने लागू शकतात."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. तिने विचारलं, बाळाला काय होईल? मी म्हटलं, मला माहीत नाही."

भीमराज सिरिंजकडे पाहत राहिले.

"परवा माझ्या सुनेला मीच सुई दिली," ते हळूच म्हणाले. "घरची म्हणून रांग मोडून आत घेतली. तिच्या आधी कोण होतं, ते आठवत नाय गो मला. मघापासून आठवतोय."

त्यांनी समोरची सिरिंज उचलून पुन्हा खाली ठेवली.

"ठरावाच्या बाजूने," ते म्हणाले. "संकेत राहू दे बाजूला. लिहून घ्या."

ठराव मंजूर झाला. आयडाबाईंना सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण पत्रक छापून देशभरच्या शाखांत पोहोचायला निदान आठवडा जाणार होता, आणि उद्या सोमवार होता. उद्या सकाळी मद्रासपासून कानपूरपर्यंत दवाखाने उघडतील, भरलेल्या सिरिंजा ओळीने मांडल्या जातील, आणि डॉक्टर निर्धास्त मनाने सुई तेवढी बदलतील.

"तारा करू," त्या म्हणाल्या. "आत्ता. सगळ्या शाखांना."

"रविवारी तारघर कुठलं उघडं असेल?" मद्रासच्या वृद्धांनी विचारले. ते आधीच उठून उभे राहिले होते.

"स्टेशनजवळ आहे एक," भीमराज म्हणाले. "तुम्ही चला पुढे. मी घरी जाऊन येतो. तिचे डोळे बघून येतो."