डीबंकचं कार्ड

तीन दिवस आमच्या शब्दकोशाचे तपासनीस तात्या शिडीवरून उतरायचं नाव घेत नव्हते. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि हा माणूस वरच्या फळीवरची जाडजूड पुस्तकं काढून, चाळून, परत ठेवत होता. खाली शिडी धरून मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तीन दिवस भरदुपारचं ऊन होतं.

निमित्त एका शाळेतल्या बाईंच्या पत्राचं. आमच्या इंग्रजी शब्दकोशात 'डीबंक', म्हणजे एखाद्याची थाप उघडी पाडणं, याची जन्मकथा अशी छापली होती: बंक म्हणजे जहाजावरची निजायची फळी; थापाड्या खलाशाला बाकीचे त्या फळीवरून खाली ओढत, त्यावरून हा शब्द. बाईंनी विचारलं होतं, आधार काय? त्यांनी वाचलेली हकिगत वेगळीच होती. दोनशे वर्षांपूर्वी बंकम नावाच्या परगण्याचा एक प्रतिनिधी सभागृहात उठला. सगळे मतदानासाठी खोळंबलेले आणि याचं भाषण संपेना. बस म्हटलं तर म्हणाला, मी माझ्या बंकमसाठी बोलतोय. तेव्हापासून पोकळ बडबड म्हणजे बंकम, पुढे नुसतं बंक. शंभरेक वर्षांनी एका लेखकाने त्याला 'डी' जोडला. बंक काढून टाकणं, ते डीबंक.

बाईंचं बरोबर होतं. खलाशी माझा होता.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नवखा होतो. रोज पाच शब्दांची पाच कार्डं लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही, हा नियम. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही, उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची, आणि तीसुद्धा मूळ पुस्तक उघडून पाहिल्यावरच. त्या संध्याकाळी मला होणाऱ्या बायकोला भेटायचं होतं. चार कार्डं झाली होती, पाचवं मी सरळ रचलं. आधार म्हणून लिहिलं, 'जुना नाविक कोश'. तात्या पकडतील, झापतील, मग उद्या नीट लिहू. दुसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात त्यांची सही होती. मी तोंड उघडलं नाही, आणि मग रोज ते उघडणं जास्तच कठीण होत गेलं.

"नाही सापडत," तात्या शिडीच्या पायरीवरच बसले. "अरे, मी बघितल्याशिवाय सही करत नाही. म्हणजे बघितलंय. मग आठवत का नाही?"

"होतं असं कधीकधी, तात्या."

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं. आधी पुस्तकं विसरला, मग माणसं. शेवटी मलाच विचारायचा, आपण कोण?" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "राजीनामा आहे. डोकं गेलेल्या माणसाने कोश तपासू नये. आज देऊन टाकतो."

मला माझीच शिसारी आली.

"तात्या, असला कोशच नाहीये. मी रचलं होतं ते."

ते बघत राहिले. मग सावकाश खाली उतरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"अगदी शाबूत."

"गाढवा! तीन दिवस जीव टांगणीला लावलास माझा!" हसत हसत त्यांनी राजीनामा टरकावला. मीही हसलो. सुटलो, असं वाटलं.

मग त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं आणि उजवा कोपरा डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे ही सही मी न बघता केली."

त्यांनी कार्ड परत टेबलावर ठेवलं.

"तुझं कार्ड होतं ना. पोरगा प्रामाणिक आहे, म्हणून नसेल बघितलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरून मोकळा झालो असतो.

त्यांनी माझ्या कार्डांचा पहिला खण ओढला. बावीस वर्षांचे असे अकरा खण आहेत. खुर्ची पुढे घेऊन ते बसले, चष्मा पुसला आणि पहिलं कार्ड माझ्यासमोर धरलं.

"हे?"

"खरं आहे, तात्या. शप्पथ."

"बरं," ते म्हणाले. "पुस्तक आण."