अर्धा सूर खाली

‘घर’ या शब्दावर लाइल हॅन्सर्डचा आवाज चौथ्यांदा फाटला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या ऑर्व्हिल पेकनं कोरणारी सुई मेणाच्या तबकडीवरून उचलली. आणखी एक तबकडी वाया.

जुलै महिना. आवाज नको म्हणून हॉलीवूडच्या त्या स्टुडिओतले पंखे बंद होते आणि बत्तीस वादक घामानं निथळत नाताळचं गाणं वाजवत होते. परदेशी गेलेल्या लेकासाठी आई ओसरीवर दिवा ठेवते, असं ते गाणं. युद्धाच्या पहिल्या वर्षी लाइलनं गायलेलं. ते इतकं खपलं, की रेकॉर्डी छापून छापून मूळ साचाच झिजला. आता तेच गाणं रेकॉर्डवर पुन्हा भरायचं होतं, तसंच्या तसं. लाइल मात्र तसा राहिला नव्हता. छावण्याछावण्यांतून, पावसात, उघड्या ट्रकवर उभं राहून सैनिकांसाठी गाता गाता त्याचा वरचा गळा गेला होता.

“हॅन्सर्ड, मी जेवून येतो,” कंपनीचे मालक क्रेटन हॅट उचलत म्हणाले. “दोनपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तीनला शिकागोचा तो नवा गायक येतोय. त्याचा वरचा सूर घंटेसारखा लागतो.”

दार बंद झालं.

“बर्डेट, अर्धा सूर खाली घेतला तर?” लाइलनं वाद्यवृंदाच्या प्रमुखाला विचारलं.

“घेऊ की. पण क्रेटन जुनी रेकॉर्ड शेजारी लावून ताडणार. पहिल्या ओळीत पकडेल तुला.”

एकोणीस वर्षांत पेक आपल्या खोलीच्या काचेमागून ‘तयार’ आणि ‘थांबा’ याखेरीज फारसं बोलला नव्हता. तो माइककडे वाकला.

“खालीच घ्या. आणि जरा संथ. वर मी आणतो.”

पेकचं यंत्र जुनं, वजनाच्या ओढीवर फिरणारं. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. ती साडेत्र्याहत्तरवर कोरली आणि नेहमीच्या वेगानं वाजवली, तर सूर आपोआप अर्ध्यानं वर चढतो. वेगाचा स्क्रू त्याच्या हाताशी होता. मालकांना कळलं, तर नोकरी त्याच दिवशी संपणार होती.

त्यानं तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, स्क्रू पिळला आणि घड्याळ धरून फेरे मोजले. शहात्तर. आणखी पिळला. पंच्याहत्तर. बोटं घामानं निसटत होती. साडेत्र्याहत्तर झाले तेव्हा दोनला पंचवीस मिनिटं कमी होती.

“तयार.”

गाणं दोनदा घेतलं. मेणावरचं एकदा वाजवलं की खराब होतं, म्हणून एक तबकडी ऐकायला, दुसरी कारखान्याला. दुसरी संपता संपता दार उघडलं. क्रेटन थेट पेकच्या मागे येऊन उभे राहिले.

“लाव बघू.”

यंत्र अजून साडेत्र्याहत्तरवरच होतं.

“सुई बदलतो, साहेब.” पेकनं कोपर आडवं टाकलं, पाठ वाकवली आणि स्क्रू उलटा फिरवला. एक वळसा. दोन. तिसरा अर्धा. फेरे मोजायला आता सवड नव्हती. मानेवर साहेबांचा श्वास लागत होता. त्यानं सुई टेकवली.

सूर जुन्या जागी उमटला. ‘घर’ अलगद वर चढलं आणि तिथं टिकलं. आवाजही हलका झाला होता, कोवळा.

क्रेटननी मग जुनी रेकॉर्ड लावून ऐकली, नुकत्याच ऐकलेल्या नवीशी मनात ताडली आणि पसंतीची मान हलवली. “पाच वर्षांनी लहान झालास की रे, हॅन्सर्ड! शिकागोवाल्याला कळवा, येऊ नकोस म्हणावं.”

बर्डेट हसला. वादक हसले. काचेपलीकडे लाइल पांढराफटक पडला होता. निघताना तो पेकच्या खोलीच्या दारात थांबला.

“पेक, कोण गायला रे तो?”

“तुम्हीच, लाइल.”

लाइलनं हॅट घातली आणि तो निघून गेला.

डिसेंबरात समुद्राकाठच्या सैनिकी इस्पितळानं लाइलला बोलावलं. माइक आणि कर्णा घेऊन पेक सोबत गेला. साथीला एकटा पियानो. लाइल तेच गाणं अर्धा सूर खालीच गायला. टाळ्या झाल्या. दाराजवळच्या खाटेवरचा एक आंधळा सैनिक मात्र हसत म्हणाला, “छान गाता हो तुम्ही. पण ते हॅन्सर्ड तुम्ही नव्हे. कालच रेडिओवर ऐकलं मी त्यांना. केवढा कोवळा आवाज!”

पेक पुढे सरसावला. “अरे बाबा, हेच तर—”

लाइलनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“बरोबर ओळखलंस,” तो सैनिकाला म्हणाला. “त्याला यायचं होतं रे, फार. नाही जमलं. म्हणून मी आलो.”

“असू दे. तुम्हीच पुन्हा म्हणाल?”

पेकनं माइकचं बटण बंद केलं. लाइलनं स्टूल खाटेजवळ ओढलं, सैनिकाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माइकशिवाय, त्या एकट्यासाठी, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.