लगीन नसताना ढावलो

“रडायचं तर सुरात रडावं, लेकरा. एकेकाचं नाव घेऊन.” आमच्या बंजारा तांड्यावर रूपाबाई आजी आम्हा पोरींना ढावलो शिकवायची, तेव्हा मी सात वर्षांची होते. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं घरच्यांच्या गळ्यात पडून गायचा निरोप.

आज वसमतच्या हॉस्टेलवर माझ्याच तांड्याची संगिता केस विंचरताना तोच ढावलो गुणगुणत होती. सकाळी कॉलेजनं ‘तुम्ही किती आनंदी?’ असा फॉर्म भरून घेतला, त्यात तिनं दहापैकी दहा लिहिले होते. महिनाभर गप्प असलेली पोरगी हसून राहिली, म्हणून मला हायसं वाटलं होतं.

“काय गं, लगीन जमलं का काय?” आमच्या खोलीतली मुन्नी तिला चिडवून पाणी आणायला गेली.

सूर चालूच राहिला. संगितानं आईचं नाव घेतलं, भावाचं घेतलं, मग माझं घेतलं. लगीन न्हाई, मग ही कुठं निघाली?

मी तिच्या हातातली फणी काढून घेतली. “काहून निरोप देऊन राहिलीस मला?”

तिनं माझा हात धरला.

“जगू वाटंना गं, शिला,” ती म्हणाली. “आज मला एकटं सोडू नको.”