हार्प मावली म्हणून

वकिलांच्या कचेरीतून तीन कागद आले. दोनांवर मेनिरने मुकाट्याने सह्या केल्या. तिसऱ्यावर एकच वाक्य होतं: ‘गाडी आपला खरा धूर लपवते हे आधी कळलं असतं, तर मी ती विकत घेतली नसती.’ खाली ‘हे सत्य आहे’ आणि सहीची ओळ. तिथे पेन थबकलं ते थबकलंच.

डिझेल गाड्यांच्या हजारो मालकांनी मिळून, सरकारी तपासणीत धूर कमी दाखवून फसवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने, नेस्ताने, चहा निवायच्या आत दोघींची नावं त्यात घातली होती. आता पंधरवड्याची मुदत होती. सही तरी करा, नाहीतर बाहेर तरी पडा. आज चौदावा दिवस.

अकरा वर्षांपूर्वी मेनिर बाला गावच्या बाजारात गाडी घ्यायला गेली, ती शेजाऱ्याच्या गवताच्या ट्रॉलीत घोंगड्यांत गुंडाळलेली हार्प, म्हणजे माणसाएवढं उंच तारांचं वाद्य, घेऊनच. विक्रेत्याने दोन गाड्यांच्या सीटा पाडून दाखवल्या. हार्पची मान छताला टेकली. तिसरीत ती अशी सरकली, जसं कोकरू आईच्या कुशीत.

“इंजिनाचं काही विचारायचंय, बाई?”

“नाही. मान कुठे घासतेय का, तेवढं बघा.”

हा किस्सा खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितला जाई. हार्पवाल्यांच्या गाड्या अशाच ठरतात, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटत नसे. हसू मात्र दरवेळी येई.

दुपारी नेस्ताचा फोन आला.

“केलीस सही?”

“नाही गं. मी घेतलीच असती ती गाडी. धुराचं सांगून दिली असती, तरी घेतली असती.”

“अगं, न्यायाधीश काय तुझी हार्प मोजायला येणारे?”

“न येवोत. त्यांनी खोटं केलं म्हणून तर आपण भांडतोय. मग मी त्याच भांडणात खोटं कसं लिहू?”

“एवढं खरं बोलायला चॅपेलातला रविवार पुरत नाही का तुला?” मग आवाज उतरला. “म्हणजे मी सही केली, ती खोटी?”

“तुझं तू जाण.”

फोन बंद झाला.

शनिवारी गावच्या गानमेळ्यात दोघींचं गाणं होतं. तीस वर्षं चाललेलं: हार्प एक चाल धरते, नेस्ताचा आवाज मागाहून दुसऱ्याच चालीत शिरतो, आणि दोघांनी एकाच ठोक्यावर थांबायचं. नेस्ता आली नाही, तर नुसती हार्प कुणाला ऐकवायची?

तरी मेनिरने माघारीचा अर्ज भरला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: हार्प मावली म्हणून घेतली. चारची टपालाची गाडी यायच्या आत ती लाल पेटीपर्यंत चालत गेली.

शुक्रवारी कचेरीतून एका पोरगेल्या आवाजाच्या कारकुनाने फोन केला.

“बाई, हे हार्प म्हणजे इंजिनाचा कुठला भाग?”

“वाद्य आहे ते.”

“म्हणजे... गाडी आवाज करते?”

“गाडी नाही रे बाबा, मी करते.”

माघार मंजूर झाली.

शनिवारी सकाळी तिने सीटा पाडल्या, हार्प चाकांवरून अंगणात आणली आणि उभी राहिली. एकटीने उचलण्यातलं ते ओझं नव्हतं. नऊ वाजून गेले. मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं, पुन्हा चरू लागल्या.

साडेनऊला चढावरून मेनिरच्या गाडीसारखीच, त्याच रंगाची गाडी आली. नेस्ता उतरली. तिने हार्पची बैठक धरली.

“डावीकडे घे,” मेनिर म्हणाली.

“माहितीये.”

हार्प आत गेली. नेस्ताने घोंगडी खोचली.

“माझी सही खरी आहे,” ती म्हणाली. “तुझी बघून घेतली होती मी गाडी. धुराचं कळलं असतं, तर मी घेतली नसती. तुलाही घेऊ दिली नसती.”

“मी ऐकलं असतं होय तुझं?”

“तू कधी ऐकलंयस?”

मेनिरने गाडी सुरू केली. मागच्या आरशात रस्ता, कुंपण, टेकडी. धूर कुठेच नाही. तो कधीच दिसला नव्हता. नेस्ताने आपल्या बाजूची काच वर केली आणि सूर धरला.