महापौर डावीकडे, पाद्री उजवीकडे

डॉ. लायनेल क्रेग यांचा निबंध प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे झाली, तरी लोकसंस्कृतीच्या अभ्यासक्रमाला तो अजून नेमला जातो. विषय असा की, आमच्या किनारी प्रांतांतल्या कुस्त्यांत क्लॅरेन्स ऑइकल नावाचा मॅनेजर प्रेक्षकांना ज्या शिव्या देत असे त्यांचा क्रम. महापौर, मग पाद्री, मग गावचे लॉबस्टर, मग टोरोंटोची स्तुती, मग पुन्हा पाद्री. या क्रमात क्रेग यांना सत्ता, धर्म, अन्न आणि महानगर अशी चौपदरी रचना दिसली. निबंधाच्या तळटीपा मजकुराहून लांब आहेत. मी त्या वाचल्या आहेत, कारण हिवाळाभर एका लहानशा कॉलेजात लॅटिन शिकवणारा मी उन्हाळ्यात त्याच कुस्त्यांत पंच म्हणून उभा असे. निबंधात माझा उल्लेख ‘एक स्थूल पंच’ असा आहे. तेवढे विधान अचूक आहे.

क्रमाचे कारण मात्र साधे होते. लेऑन्स आर्सनोला दिसत नव्हते.

लेऑन्स आणि मर्डो मॅकअ‍ॅस्किल या जोडीला लोक व्हिटलॉक बंधू म्हणून ओळखत. टोरोंटोच्या कुणा बँकवाल्याचे माजलेले सख्खे मुलगे, असे त्यांचे सोंग होते. वस्तुतः लेऑन्स शेडियाकच्या कोळ्याचा मुलगा, घरी फ्रेंच बोलणारा, आणि मर्डो केप ब्रेटनच्या कोळसाखाणीतून आलेला. टोरोंटो दोघांनीही पाहिलेले नव्हते. तोंड उघडताच लेऑन्सच्या उच्चारांनी घात केला असता, म्हणून त्याने अकरा वर्षे चारचौघांत तोंडच उघडले नाही, आणि लोकांनी त्याला गर्विष्ठ ठरवले. बोलण्याचे काम ऑइकलचे. हा गृहस्थ मूळचा गुरांच्या बाजारातला लिलाववाला. गोल टोपी घालून, मिटलेली छत्री हलवत तो रिंगभोवती फिरे आणि गावाचे वाभाडे काढी. टोरोंटोचा द्वेष हा आमच्याकडचा एकमेव धर्म आहे, ज्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एका बाकावर बसतात. त्यामुळे उन्हाळ्यात बर्फ काढून टाकलेली हॉकीची बंदिस्त मैदाने, म्हणजे रिंका, आम्ही सहज भरत असू.

निकाल आधी ठरलेला असे. यात कुणाचा अपमान नाही. ग्रीक शोकांतिकेचा शेवटही प्रेक्षकांना ठाऊक असे आणि तरी ते रडत. फरक एवढाच की शोकांतिकेत नायकाला कुणी खरोखर डोक्यावर उचलून लाकडी फळ्यांवर टाकत नाही. आमच्याकडे टाकत. टाकणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची मान असे, आणि ती न मोडता परत करणे हेच त्याचे खरे कसब.

जोडीच्या कुस्तीत एक साथीदार आत लढतो, दुसरा दोराबाहेर कोपऱ्यात उभा राहतो, आणि आतल्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावला की बदली होते. ट्रुरोच्या एका कुस्तीत लेऑन्स कोपऱ्यात आला आणि त्याने मर्डोच्या हाताऐवजी लोखंडी खांबावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये आम्ही चौघेच होतो.

“काल खांबाशी हात मिळवलास,” मर्डो म्हणाला. “माझ्याहून देखणा आहे म्हणून?”

“खांबाला घाम येत नाही.”

“चेष्टा पुरे, लेऑन्स. तुला दिसत नाहीये.”

लेऑन्स खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणजे तोंड तिकडे करून बसला. “मधलं दिसतं. नळीतून बघावं तसं. कडेचं गेलं. बाबाचंही असंच गेलं होतं.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर म्हणाला, नळी बारीक होत जाणार.”

ऑइकल घशासाठी वाळवलेले समुद्रशेवाळ चघळत बसला होता. ते त्याने गालात सरकवले. “हे बघा पोरांनो, दोनशे गुरं हंबरत असताना मी मागच्या रांगेतल्या बहिऱ्याला बैल विकलाय. कोण कुठे आहे ते मी सांगत जाईन.”

“लोकांसमोर? ओरडून?” लेऑन्सने विचारले.

“शिव्या देऊन. तशाही देतोच की.”

पुढच्या गावी पोहोचेपर्यंत सगळे ठरले, आणि ते आम्हा चौघांपलीकडे जायचे नाही हेही. महापौराला शिवी म्हणजे प्रतिस्पर्धी डावीकडे. पाद्र्याला शिवी म्हणजे उजवीकडे. लॉबस्टरला नावे ठेवली म्हणजे मागे, आणि टोरोंटोची स्तुती म्हणजे तो दोरावर चढतो आहे. महानगराचे हे उच्चासन क्रेग यांनी बरोबर हेरले होते. फक्त कारण चुकले.

तीन उन्हाळे हे चालले आणि कुणालाही इजा झाली नाही. नळी मात्र बारीक होत गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात रिंगच्या दिव्यांखाली लेऑन्सला एक पांढुरका धूर तेवढा दिसे.

त्याच उन्हाळ्यात आमच्या कुस्त्यांचा मालक हार्लन स्टीव्ह्ज याने जोडी फोडायचे ठरवले. प्रत्येक जोडीचा शेवट विश्वासघाताने होतो. लोकांना मैत्री पाहायला आवडते आणि ती तुटताना पाहायला त्याहून आवडते, हे स्टीव्ह्जला कोणताही इतिहासकार न वाचता माहीत होते. दुपारी रिंकच्या कचेरीत त्याने आम्हाला बोलावले.

“कॅम्पबेल्टनला ऑइकल तुझ्या पाठीवर छत्री मोडेल,” तो लेऑन्सला म्हणाला. “मर्डो त्याच्या बाजूला जाईल. मग निवेदक सांगेल की तू टोरोंटोचा नाहीसच, शेडियाकचा आहेस, या दोघांनी तुला गप्प बसवून ठेवलं होतं. शेवट मॉन्क्टनला, भाऊ विरुद्ध भाऊ.”

“आणि नंतर मी कुठे?”

“शेडियाकच्या मासे डबाबंद करायच्या जुन्या कॅनरीत मी नव्या पोरांना शिकवायची शाळा काढतोय. हिवाळाभर चालेल. मॉन्क्टनची कुस्ती रंगली, तर शाळा तुझी.”

“नाही रंगली तर?”

“तर तू थकलास असं मी समजेन. थकलेला माणूस काय शिकवणार?”

लेऑन्सला ती शाळा हवी होती, याचे कारण मला वेगळे विचारावे लागले नाही. पकड डोळ्यांनी शिकवत नाहीत, हातांनी शिकवतात. दुसरा कोणताही धंदा त्याला येत नव्हता, आणि आंधळ्याला मासेमारीच्या बोटीवर कुणी घेत नाही.

व्हॅनमध्ये मर्डोने पहिला प्रश्न काढला. “ऑइकल म्हातारा माझ्या कोपऱ्यात असणार. मग याला सांगणार कोण?”

“मीच,” ऑइकल म्हणाला. “शिव्या त्याच. फक्त आता त्या मी गद्दार म्हणून देणार. कुठल्याही कोपऱ्यातून ऐकू जातात.”

योजनेत दोष नव्हता. ती करणाऱ्या तिघांनी आयुष्यभर शत्रूंच्या गर्दीत काम केले होते, आणि लोकांचे प्रेम ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

कॅम्पबेल्टनला छत्री मोडली. एका म्हातारीने आपली पर्स भिरकावली ती लेऑन्सकडे नव्हे, ऑइकलकडे. निवेदकाने खरे नाव सांगितले. लेऑन्सने अकरा वर्षांत प्रथमच माइक हातात घेतला आणि फ्रेंचमध्ये फक्त आपल्या आईचे नाव आणि गावाचे नाव उच्चारले. पुरुष रडले. दुसऱ्या दिवशी गाडी पेट्रोलसाठी थांबली तेव्हा त्याला तीन घरची जेवणाची बोलावणी आली.

मॉन्क्टनची रिंक छतापर्यंत भरली होती. घंटा झाली, लेऑन्स मध्यभागी आला, आणि अशी गर्जना उठली की मला माझाच श्वास ऐकू येईना. ऑइकल महापौरावर तुटून पडला होता. मानेच्या शिरा तटतटलेल्या, तोंड उघडे, आणि आवाज शून्य. एरवी लोक शिव्यांना शिव्या देत, आणि त्यांना पुढची शिवी ऐकायची असे म्हणून मध्ये थांबत. आज त्यांना काही ऐकायचेच नव्हते. त्यांना लेऑन्सला मदत करायची होती. मर्डो जिथे जाई तिथून, चारही बाजूंनी, दोन भाषांत, हजारो माणसे ओरडत होती: “मागे बघ! लेऑन्स, मागे बघ!”

प्रत्येकाची ‘मागची’ बाजू वेगळी होती. लेऑन्स दोन्ही हात पुढे धरून जागच्या जागी फिरत राहिला. मर्डोचा पहिला ठोसा त्याने चुकवायचा होता. तो सरळ त्याच्या कानावर बसला. मी जखम तपासायच्या निमित्ताने त्याच्याजवळ वाकलो.

“ऐकू येतंय का?”

“कुणाचंच नाही, मास्तर. हे लोक गप्प बसतील का?”

“त्यांचा तुझ्यावर जीव आहे.”

“शिव्या देत होते तेव्हा बरे होते.”

त्याच्या कपाळावरचा घाम कुस्तीचा नव्हता. पहिलवानांच्या वाटेवरच्या पडद्याच्या फटीत स्टीव्ह्ज उभा होता, हाताची घडी घालून. मी मर्डोकडे गेलो, नियमभंगाबद्दल बोट नाचवीत दटावले, आणि त्या दटावणीच्या आत सांगितले, “म्हातारा ऐकू जात नाही. लेऑन्सला काहीही कळत नाहीये.”

मर्डोने मला ढकलले. तसे करणे ठरलेलेच होते. मग तो दोन पावले मागे गेला आणि त्याने जोरात पाय आपटला.

आमच्या धंद्यात ठोसा मारताना पाय आपटतात. हात जेमतेम स्पर्श करतो, आवाज फळ्यांचा होतो, आणि लोकांना तो हाडांचा वाटतो. पण ठोसा न मारता कुणी पाय आपटत नाही. फळ्या थरथरल्या. ती थरथर माझ्या बुटांतून वर आली, तशी लेऑन्सच्याही आली असणार, कारण त्याची मान वळली, आणि त्याचे दोन्ही हात बरोबर मर्डोच्या दिशेने उघडले.

तिथून पुढे मर्डो पाय आपटतच फिरला. लोकांना वाटले, श्रीमंताचे कार्टे थयथयाट करते आहे, आणि ते आणखी चेकाळले. लेऑन्सने त्याला पकडले, फेकले, तो उठून पुन्हा आपटत आला, पुन्हा पकडला गेला. शेवटी मर्डो कोपऱ्यातल्या वरच्या दोरावर चढला. तिथे पाय आपटायला फळी नव्हती. त्याने टाचेने लोखंडी खांबावर लाथ घातली, आणखी एकदा घातली, आणि सव्वाशे किलोंचा तो माणूस एका आंधळ्याच्या अंगावर डोके पुढे करून झेपावला.

लेऑन्सने त्याला झेलले. मी ते इतक्या जवळून पाहिले की त्याचा तळहात मर्डोच्या मानेखाली आधी गेलेला मला दिसला, आणि मगच तो त्याला घेऊन खाली आला. मी तीन मोजले, आणि कुस्ती लेऑन्सची झाली.

स्टीव्ह्ज कपडे बदलायच्या खोलीत आला तेव्हा ऑइकलला आवाज उरला नव्हता. मालक लेऑन्ससमोर उभा राहिला आणि काही न बोलता त्याने हात पुढे केला. मर्डो खोकला, पण उशीर झाला. हात हवेतच राहिला.

“ठोसा नसताना पाय आपटायचे म्हणजे काय, हे मला कळत नाही असं वाटलं होतं?” स्टीव्ह्ज म्हणाला. “कधीपासून?”

“तीन उन्हाळे,” लेऑन्स म्हणाला.

“माझ्या रिंगमध्ये. माझी माणसं उचलून आपटत होतास.”

“एकाला तरी लागलं?”

स्टीव्ह्जने खरोखर आठवून पाहिले. मग तो बाकावर बसला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला. एखादा सेनापती जळत्या शहराकडे पाहून नकाशा मागवतो, तसा तो उजेड होता.

“शाळा तुझी. शब्द म्हणजे शब्द. पण शनिवारी टीव्हीवर सांगायचं की मर्डोने जाता जाता तुझ्या डोळ्यांत चुना टाकला. तू आंधळा झालास. काळा चष्मा, पांढरी काठी. ऑइकलला पश्चात्ताप होतो, तो तुझा हात धरून तुला आणतो. पुढचा सगळा उन्हाळा त्यावर निघेल.”

“तो खरंच आंधळा आहे, बॉस,” मर्डो म्हणाला.

“म्हणूनच. तालीम नको.”

“आणि लोकांना वाटणार मी सोंग करतोय,” लेऑन्स म्हणाला.

“लोकांचं माझ्यावर सोड.”

लेऑन्सने विचारले, “शाळा कधी सुरू?”

“पहिल्या बर्फाआधी.”

“बरं,” लेऑन्स म्हणाला, स्टीव्ह्जच्या खांद्यापलीकडच्या भिंतीला.

शाळा सुरू झाली आणि चांगली चालली. त्याच्या हाताखालून गेलेल्या कुणाचीही मान आजवर मोडलेली नाही. मर्डो आणि तो मात्र पुन्हा कधी एका व्हॅनमध्ये बसले नाहीत. वैऱ्यांनी एकत्र दिसायचे नाही हा आमचा नियम, आणि स्टीव्ह्ज तो पोलिसांहून कडक पाळून घेई. लेऑन्स काठी घेऊन शनिवारच्या बाजारात जाई तेव्हा लोक त्याला प्रेमाने कोपर मारत. “झकास करतोस हं! दिसतंय की नाही, मला तरी सांग!” एकाने परीक्षा म्हणून सफरचंद फेकले. ते त्याच्या छातीवर बसले आणि आसपासच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या सगळ्या सोंगांत हे एकच खरे होते, आणि ते सिद्ध करायची त्याला मुभा नव्हती.

डॉ. क्रेग दुसऱ्या निबंधासाठी शाळेत आले ते त्या हिवाळ्यात, मी सुट्टीत तिथे होतो तेव्हा. लेऑन्स एका नव्या पोराचा खांदा धरून त्याला पडायला शिकवत होता. क्रेग यांनी पुढे होऊन त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला, दोनदा, मग माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

“मेहनती आहे,” ते निघताना मला हळूच म्हणाले. “पण खरा आंधळा मान अशी वळवत नाही.”

छापील निबंधात हे वाक्य अधिक सभ्य शब्दांत आहे, तळटीपेसह.

“कोण होता तो, मास्तर?” दार लागल्यावर लेऑन्सने विचारले.

“टोरोंटोचा प्राध्यापक.”

“खरा टोरोंटोचा?” त्याने पोराचा खांदा सोडला. अकरा वर्षे तो स्वतः टोरोंटोचाच होता. “कसा असतो दिसायला?”

मी सांगू लागलो. तेवढ्यात मागच्या दाराने, बर्फ झटकत, कुणी पाहत नाही याची खात्री करून, मर्डो आत आला आणि त्याने जमिनीवर एकदा पाय आपटला. लेऑन्सची मान वळली.