तलावाच्या पाळीवर घेतलेली चाचणी

आमच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाईट मी बनवली. ती ठेवायला कोणत्या कंपनीची जागा भाड्याने घ्यायची, म्हणजे होस्टिंग कोणाचं, हेही मलाच ठरवायचं होतं. चंद्रपुरात मावशीकडे बसून दोन दिवस मी दोन कंपन्या तपासल्या. तेच पान पहिलीवर अर्ध्या सेकंदात उघडायचं, दुसरीवर सव्वा सेकंदात. पहिलीच घ्या, असं म्हणत रंगीत तक्ता मी सभेत ऐटीत मांडला.

अध्यक्ष मुखरूभाऊंना साईट मुळातच नको होती. "पाहून घे रोशनी," ते म्हणाले. "सकाळी मासोळी निघाल्यावर मूल-सिंदेवाही गावच्या गिऱ्हाईकाईले भाव दिसला नाई, तं साईट बंद."

"चालते भाऊ," मी म्हटलं. आता माघार कोण घेतो!

तीस वर्षं तलावात जाळं टाकणाऱ्या गोकुळाबाईंनी तक्ता निरखून पाहिला. "तू मोजून राह्यली होती, तवा साईटवर किती जन होते वो?"

"मी एकटीच."

"एकटी बसली तं कोनताई डोंगा तरंगते, बाई. चौदा जन बसव, मंग सांग."

मला असा राग आला! बाई खरं बोलत होत्या म्हणूनच आला. मासळी निघाली की सगळी गिऱ्हाईकं एकदमच पान उघडणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी गोकुळाबाईंनी चाळीस माणसं फोन घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी केली. गावात नेटवर्क तिथंच धड येतं. सगळ्यांनी एकदम साईट लावायची आणि पान उघडलं की "निघाली" म्हणून ओरडायचं, असं ठरलं.

पहिल्या कंपनीवर अकरा जण ओरडले. बाकीच्यांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं. माझं तोंड उतरलं.

मग दुसरी. जरा दम खाऊन एक ओरडला, मग तीन, मग बायांचा घोळकाच. राहिले मुखरूभाऊ. त्यांचा फोन सगळ्यात जुना. मी त्यांच्या फोनकडे बघत उभी.

"निघाली बे!" भाऊ असे ओरडले की पाण्यावरचे बगळे उडाले.

"माझंच चुकलं होतं, भाऊ," मी सगळ्यांसमोर म्हटलं. लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

"चुकलं तं चुकलं," भाऊ फोनवरून नजर न काढता म्हणाले. "दुसरी घे. आन हे भावाचं अक्षर जरा मोठं कर, मले रोज पाहा लागते."