न बोललेला नवस

आमच्या आटपाडीच्या माळावर बाभळीचा काटा आसा, की बैलाच्या खुरात बी घुसंल. तरी मी, हरणाबाई, जल्मभर अनवाणी चालले. हौस म्हनून न्हवं. लग्नात बापानं मला लाल चपला दिल्या व्हत्या. त्या घालून पान्याला निघाले, तर सासू वट्ट्यावरनं वरडली, "कुठं निघाली महाराणी, फटक फटक वाजवत? सासरा दारात बसलाय, दिसंना व्हय? थोरामोठ्यांम्होरं बायकांनी पायात घालायचं नसतं!" आन दोनी चपला चुलीत. जळक्या चामड्याचा वास घरातनं हलंना. रडले, मग गप बसले. सासू मेली तवर टाचा आशा झाल्या व्हत्या की पायात काय घालावंसंच वाटंना.

पोरगं मोठं झालं, मल्हार. कुपवाडात एका कारखान्यात लागला, सांगलीत खोली घेतली. एकदा मला तितं डोळ्याच्या डाक्टरकडं घेऊन गेला. दवाखान्यातली पोरगी माझ्या पायांकडं बघून नाक मुरडून म्हनली, "मावशी, तुम्ही बाहेरच बसा." मल्हार तिला काय बोलला न्हाई. मला मातुर रस्ताभर बोलला, "आये, लोक भिकारी समजत्यात गं." घ्या! तवा घातल्या म्हनून बोलनी, आता घालत न्हाई म्हनून बोलनी. बाईच्या पायात काय हाय आन काय न्हाई, ह्याची सगळ्या जगाला पंचाईत.

चौऱ्याण्णव सालच्या नवरात्रात त्याच्यासाठी पोरगी बघाया कराडला निघालो. आमचं मालक मेंढरांमागं, म्हनून मीच गेले. मल्हारनं नव्या चपला आनून ठेवल्याल्या. म्हनला, "आये, पाया पडतो, आजच्या दिस घाल. पोरीचं वडील, नाथाजीमामा, कारकून हायत. शिकल्यालं घर हाय. सोयरीक हातची जायला नको."

पोराचं मन मोडवंना. घातल्या. एस्टीतनं उतरून पेठंपतोर गेलो न्हाई, तर एका चपलंचा अंगठा तुटला. मल्हारचं त्वांड बघन्यासारखं झालं. दोनी चपला पिशवीत कोंबल्या आन तशीच त्यांच्या दारात हुबी राहिले.

नाथाजींनी माझ्या धुळकट पायांकडं बघितलं. मल्हारचा जीव टांगनीला लागला. आन काय सांगू, त्या मानसानं हातच जोडलं! "नवरात्राचं अनवाणी चालताय? वा! आजकाल कोण पाळतंय एवढं?"

मी त्वांड उघडायच्या आत मल्हार म्हनला, "व्हय, नवसच हाय आयेचा. जल्मभराचा."

जल्मभराचा! मेल्या, मनात म्हनलं, थांब घरी गेल्यावर. तवर नाथाजींची बायको तांब्या घेऊन आली. माझ्या पायांवर पानी घातलं, हळदकुंकू लावलं, आन वाकून पाया पडली. दवाखान्याच्या दाराबाहेर बसवल्यालं पाय, हितं पाटावर! मल्हारचा राग आला व्हता, पन खरं सांगते, लय बरं बी वाटलं. माझ्या पायाला आसा हात कुनी लावला नव्हता. काय बोलले न्हाई. सोयरीक ठरली.

वैशाखात लगीन झालं. सून आली, मयूरी. हसरी, कामाला चपळ. सांगलीत मोठी खोली मिळंपतोर ती माझ्यापाशी राहिली. बघते तर पोरगी अनवाणीच पान्याला जाती. चपला कोपऱ्यात कागदात गुंडाळल्याल्या.

म्हनलं, "आगं, माती तापलीया. घाल की पायात."

"असू द्या आत्या. होईल सवय."

चारदा सांगितलं, चारदा नुस्ती हसली. मला वाटलं, नवी हाय, लाजत आसंल. आखाड लागता लागता तिच्या टाचंत काटा मोडला. टाच सुजली. पोरगी भिंतीला धरून चालाया लागली. तिचा पाय मांडीवर घेऊन मी सुईनं काटा काढत व्हते, तवाच नाथाजी तिला आखाडासाठी म्हायेरी न्यायला आलं. संगं मल्हार.

लेकीचा सुजल्याला पाय बघून बापाचं काळीज हालंल, वाटलं. तर गडी खूश! "शाब्बास पोरी! मीच तिला निघताना बजावलंवतं. म्हटलं, सासू एवढी व्रताची बाई, तिच्यापुढं चपला घालून मिरवायचं नाही."

माझ्या हातातली सुई हातातच राहिली. माझ्या सासूनं निदान वरडून जाळल्या व्हत्या चपला. मी न बोलता जाळल्या की! आन ही पोरगी हसत हसत काट्यातनं चालली व्हती, माझ्या नसल्याल्या नवसापायी.

मल्हारनं वळखलं. नाथाजींच्या मागनं मान हालवून खुनावाया लागला, गप, गप. किती दिस गप बसू रं?

म्हनलं, "नाथाजी, माझा नवस-बिवस काय न्हाई. तुमच्या दारात आले तवा तुटल्याल्या चपला पिशवीत व्हत्या. मी अनवाणी चालते ती सासूनं घालू दिल्या न्हाईत म्हनून. देवीचा ह्यात काय बी संबंध न्हाई."

नाथाजींनी पुन्यांदा माझ्या पायांकडं बघितलं. त्या दवाखान्यातल्या पोरीनं बघितलंवतं ना, तसंच. पाय तेच व्हतं की वो!

"म्हणजे खोटं बोलून सोयरीक केली?" मल्हारची मान खाली. "माझी बायको तुमच्या पाया पडली, हरणाबाई!"

"ते पाया पडनं माझ्याकडं उसनं हाय. कराडला येते आन मी तिच्या पाया पडते."

"काही नको. मयूरी, आवर. परत धाडायचं का नाही, ते बघू मग."

मल्हारचं त्वांड पांढरं पडलं. पोराचा संसार माझ्या जिभंनं मोडला, आसं वाटलं. पन बोलल्यालं गिळता येत न्हाई, आन मला गिळायचं बी नव्हतं. कोपऱ्यातनं चपला आनल्या, कागद सोडला आन मयूरीच्या म्होरं ठेवल्या. तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सुजल्याला पाय हळूच आत सरकवला.

"आत्या," बापाला ऐकू जाईल आसं म्हनली, "आखाड संपला की येते मी. ह्याच घालून."

मल्हारनं तिची पिशवी घेतली. नाथाजी म्होरं. मधी मयूरी, लंगडत. मागनं मी, फाट्यापतोर पोचवाया. वाटंवर पारावर चार म्हातारी मानसं बसली व्हती. ती दिसल्याबरुबर नाथाजी वळून दबक्या आवाजात म्हनलं, "हळू चाल. वाजवू नको चपला."

मी म्हनलं, "वाजू द्या."